रिपोर्ट स्वच्छ, गोळ्या तीस

माझ्याकडे औषधांचा एक डबा होता. त्यात एकही स्ट्रिप पूर्ण नव्हती आणि एक सोडली तर रिकामीही नव्हती. कुठे तीन गोळ्या उरलेल्या, कुठे सात. बरं वाटलं की औषध बंद, हा माझा शिरस्ता. उरलेलं पुढच्या वेळी उपयोगी पडतं, असं मी वर ऐटीत सांगायचो. या डब्याचा उल्लेख आधीच करतो, कारण पुढे तो माझ्या केसपेपरवरही आला.

सुरुवात ताप म्हणावा अशी नव्हती. संध्याकाळी कणकण, रात्री उशी भिजेल एवढा घाम, सकाळी पुन्हा ठणठणीत. आठवडाभराने उजव्या बरगडीखाली काहीतरी ठेवल्यासारखं जड वाटू लागलं. त्या कुशीवर वळलं की जाग यायची. आणि उजवा खांदा दुखायचा. गंमत म्हणजे मला सगळ्यात जास्त त्रास खांद्याचाच होता, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांना मी खांदाच दाखवला. स्नायू आखडलाय म्हणून त्यांनी वेदनाशामक दिलं, त्यानेच तापही उतरायचा. आणखी आठ दिवस असेच गेले. त्यांना दोष देता येत नाही. पोटाबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी १०३ ताप आणि दात वाजतील अशी हुडहुडी. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी खांद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला झोपवलं आणि शेवटच्या बरगड्यांमधल्या खाचेत एका बोटाने दाबलं. मी ओरडलो. "खांदा पण दुखतो का?" त्यांनी विचारलं. मी थक्क. यकृताच्या वर छातीचा पडदा असतो, त्या पडद्याची नस मानेतून निघते, आणि खांद्याच्या त्वचेची संवेदनाही मानेच्या त्याच भागात पोहोचते. पडद्याला त्रास झाला की मेंदूला वाटतं, खांदाच दुखतोय. म्हणजे मी इतके दिवस मलम चोळत होतो ते यकृताच्या निरोप्याला.

सोनोग्राफी करणाऱ्यांनी आधी थोड्या गप्पा मारल्या आणि मग एकदम बोलणं थांबवलं. पडद्यावर करड्या यकृतात एक काळपट गोल होता. त्याच्या दोन्ही कडांवर त्यांनी फुल्या टाकल्या. यकृताच्या उजव्या भागात ८.९ सेंटिमीटरचं गळू. त्याच दिवशी भरती झालो.

"गेल्या काही महिन्यांत आव पडली होती?" भरती करताना बाईंनी विचारलं.

"नाही," मी ठामपणे म्हणालो.

"अरे, नाही काय?" बायको म्हणाली. "चार महिन्यांपूर्वी दोन दिवस संडासातून बाहेर येत नव्हतास. शेंब आणि रक्त पडतंय म्हणून घाबरला होतास."

मग आठवलं. तेव्हा मी डबा उघडला होता. त्यात मेट्रोनिडॅझोलच्या, म्हणजे आवेवर देतात त्या औषधाच्या, कधीतरी उरलेल्या पाच गोळ्या होत्या. दोन दिवसांत पोट थांबलं, मीही थांबलो.

"डॉक्टरला दाखवलं नाही?"

"बरं वाटलं ना."

बाईंनी तेही लिहून घेतलं. अमिबा यकृतात पोहोचलेल्या बहुतेकांना त्या वेळी जुलाब होत नसतात, म्हणून हा प्रश्न खोदून विचारावा लागतो, असं त्या म्हणाल्या. तपासण्या झाल्या. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, अल्कलाइन फॉस्फेटेज हे यकृताचं एन्झाइम वाढलेलं, कावीळ मात्र नाही. अमिबाविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात भरपूर. जिवाणूंमुळेही यकृतात गळू होतं, त्याला वेगळी औषधं लागतात. आणि एका कृमीची हायडॅटिड नावाची गाठही असते, तिच्यात विचार न करता सुई घातली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी ओळख पटवणं आणि मगच सुई, असा क्रम.

एन्टामीबा हिस्टोलिटिका हे त्या अमिबाचं पूर्ण नाव मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. हिस्टोलिटिका म्हणजे पेशीजाल विरघळवणारा. ओळखीतल्या एकाने फोनवर सल्ला दिला, "जंत झालेत, जंतांची गोळी घे." जंत नव्हेत ते. जंत हा कितीही बारीक असला तरी तोंड-आतडं असलेला किंवा निदान अनेक पेशींचा प्राणी. हा एका पेशीचा जीव, वीस-तीस मायक्रॉनचा. जंतांच्या गोळीला तो भीक घालत नाही.

त्याची दोन रूपं असतात, आणि सगळी गोम तिथेच आहे. एक रूप गोल, टणक कवचाचं, निजलेलं. त्याला सिस्ट म्हणतात, मराठी पुस्तकांत पुटी. दूषित पाण्या-अन्नातून तेच पोटात जातं. जठरातलं आम्ल त्याचं काही बिघडवत नाही, पाण्यात नेहमीच्या प्रमाणात घातलेल्या क्लोरिनलाही ते दाद देईलच असं नाही. उकळलं तर मात्र मरतं. लहान आतड्यात कवच फुटतं आणि दुसरं रूप बाहेर येतं. हे हलतं, सरपटतं, खातं. मोठ्या आतड्यात राहून बहुतेक वेळा ते कुणाला त्रासही देत नाही. दहांतल्या नऊ जणांना काही होत नाही. एखाद्याच्या आतड्याला मात्र ते भोक पाडतं, रक्तात शिरतं आणि आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतून थेट वर जातं. उजव्या भागाला त्या शिरेतून जास्त रक्त मिळतं, म्हणून गळूही बहुतेक उजवीकडेच. मोठ्या पुरुषांत हे बायकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळतं. मला तो मान मिळाला.

पहिले तीन दिवस मेट्रोनिडॅझोल शिरेतून, दर आठ तासांनी ५०० मिलिग्रॅम. हे औषध स्वतः निरुपद्रवी असतं. ज्या जिवांचा कारभार ऑक्सिजनशिवाय चालतो, त्यांच्या पेशीतली रसायनंच त्याच्यात बदल करून त्याचं विष बनवतात, आणि ते विष त्यांचा डीएनए तोडतं. आपल्या पेशींत तो बदल जवळपास होत नाही. मला ही युक्ती फार आवडली. चोराने स्वतःच्या हाताने स्वतःची बेडी घडवावी, तसं.

तोंडाची चव मात्र पार गेली. तांब्याची नाणी चघळत बसल्यासारखं वाटायचं. लघवी तांबूस झाली तेव्हा मी घाबरून बेल वाजवली. "औषधाचा रंग आहे हो," सिस्टर म्हणाल्या आणि बाटली बदलून गेल्या. दारू पूर्ण वर्ज्य, हे दोघांनी वेगवेगळं येऊन बजावलं.

एरवी या औषधाने दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. माझा उतरला नाही. गळू मोठं, यकृताच्या कडेला आलेलं, फुटलं तर छातीत किंवा पोटात. चौथ्या दिवशी सुई घालायचं ठरलं.

ही सुई मला अजून लख्ख आठवते. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत डॉक्टरांनी जागा ठरवली, कातडी बधिर केली आणि म्हणाले, "श्वास धरा." लांब सुई आत जाताना दुखलं नाही, पण काहीतरी पार होऊन पलीकडे गेल्याचं नेमकं कळलं. मी मान वळवून पाहिलंच. सिरिंजमध्ये जे येत होतं ते पुवासारखं पिवळं नव्हतं. चॉकलेटी, दाट, थोडी लाल झाक असलेलं. वासही नाही. एक सिरिंज, दुसरी, पाचवी... एकूण ३२० मिलिलिटर. "हे सगळं अमिबा?" मी विचारलं. डॉक्टर हसले. "हे तुमचं यकृत आहे, विरघळलेलं. अमिबा यात सापडतही नाही बहुधा. तो भिंतीला चिकटून खात बसलेला असतो."

तो खातो कसा, हे मी नंतर वाचलं. आधी समज असा होता की तो पेशीला मारतो आणि मग गिळतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की तो जिवंत पेशीचे बारीक बारीक लचके तोडतो आणि त्या लचक्यांनीच ती मरते. मेली की तिला सोडून पुढच्या पेशीकडे वळतो. शिळं त्याला चालत नाही. हे वाचून मला मळमळलं, आणि थोडं कौतुकही वाटलं, खोटं का बोला.

त्या रात्री घाम आला नाही. सहाव्या दिवशी ताप ९९ च्या वर गेला नाही. यकृत स्वतःला पुन्हा भरून काढतं, फक्त त्याला वेळ द्या, डॉक्टर म्हणाले.

शेजारच्या खाटेवर पंचविशीतला एक मुलगा होता. त्याला मलेरिया, आणि तोही तिसऱ्यांदा. पहिल्यांदा मला वाटलं, डास चावत असतील बिचाऱ्याला. पण त्याचा मलेरिया नवा नव्हता, पहिलाच परत परत उगवत होता. व्हायवॅक्स जातीचे परजीवी रक्तात येण्याआधी यकृतात जातात आणि त्यातले काही तिथेच झोपून राहतात, आठवडे, कधी महिने. क्लोरोक्वीनच्या तीन दिवसांच्या गोळ्या रक्तातल्यांना मारतात, ताप जातो, माणूस कामाला लागतो. झोपलेल्यांना मारायला प्रायमाक्वीन लागतं, त्याला १४ दिवस सांगितले होते. ताप पाचव्या दिवसाच्या आधीच गेल्यामुळे दोन्ही वेळा त्याने पाचव्या दिवशी गोळ्या सोडल्या होत्या. या वेळी त्याच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम आहे की नाही तेही पाहिलं, कारण ते कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्वीनने फुटतात. त्याचं ठीक निघालं. आता टॅफेनोक्वीन नावाचं एका डोसचं औषधही निघालंय, अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालेलं. त्याला मात्र जुनंच दिलं.

"पाचव्या दिवशी का सोडल्यास?" मी विचारलं.

"बरं वाटलं ना," तो म्हणाला.

बायको बाजूला बसून संत्रं सोलत होती. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

बसल्या बसल्या फोनवर मी या अमिबाचा इतिहास धुंडाळला. १८७५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्योदोर ल्योश या डॉक्टरला आमांशाच्या रोग्याच्या शौचात तो पहिल्यांदा दिसला. १८९० साली विल्यम ऑस्लरला बाल्टिमोरमध्ये तो यकृताच्या गळवात सापडला. रोगी पनामात राहून आलेला एक डॉक्टरच होता. १९१३ साली मनिलाच्या बिलिबिद तुरुंगातल्या कैद्यांना वॉकर आणि सेलर्ड्स यांनी पुटी गिळायला दिल्या. कैदी स्वेच्छेने तयार झाले होते म्हणतात. तुरुंगातली स्वेच्छा! जवळजवळ सगळ्यांच्या पोटात अमिबा रुजला, पण आव पडली फक्त चौघांना. म्हणजे धडधाकट माणूसही तो बाळगून फिरतो, हे तिथे दिसलं. औषध म्हणून १९१२ साली कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्सने एमेटिनची इंजेक्शनं सुरू केली. ती गुणकारी होती, पण हृदयावर घाव घालणारी, त्यामुळे रोग्याला अंथरुणावरून हलू देत नसत. मेट्रोनिडॅझोल आलं ते आधी वेगळ्याच परजीवीसाठी, ट्रायकोमोनाससाठी; यकृताच्या गळवावर ते चालतं हे १९६६ साली डर्बनच्या डॉक्टरांनी दाखवलं. माझ्या आजोबांना हे झालं असतं तर सुई आणि एमेटिन, एवढंच त्यांच्या नशिबी होतं.

घरी सोडताना मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या होत्या, एकूण दहा दिवस पुरे होईपर्यंत, आणि कागदावर त्याखाली आणखी एक ओळ: डायलोक्सानाइड फ्युरोएट ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, १० दिवस. आधीचं संपल्यावर.

"हे कशाला? गळू तर जातंय," मी म्हणालो. त्यात माझ्या शौचाचे तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने तपासून झाले होते आणि तिन्ही स्वच्छ होते. आतड्यात काही नाहीच, मग तीस गोळ्या कशासाठी?

बाईंनी खुर्ची ओढली. मेट्रोनिडॅझोल फार चांगलं शोषलं जातं, हाच त्याचा गुण आणि हीच अडचण. वरच्या आतड्यातूनच ते रक्तात जातं, रक्तातून यकृतात, आणि तिथे अमिबाचा फडशा पाडतं. मोठ्या आतड्याच्या पोकळीत जे अमिबा आणि पुटी बसलेल्या असतात, त्यांच्यापर्यंत पुरेसं पोहोचतच नाही. नुसतं मेट्रोनिडॅझोल घेतलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांच्या आतड्यात अमिबा शिल्लक राहतो. म्हणून दुसरं औषध असं हवं की जे आतड्यातच काम करेल. डायलोक्सानाइड तसं आहे. पॅरोमोमायसिन नावाचं आहे, ते तर जवळपास शोषलंच जात नाही. आणि शौचात काही दिसलं नाही म्हणून नाही असं धरता येत नाही. यकृताचं गळू झालेल्यांपैकी बऱ्याच जणांचे नमुने असेच कोरे येतात.

"म्हणजे तेव्हा पाचऐवजी पूर्ण कोर्स घेतला असता तरी..."

"तरी कदाचित इथे आला असता," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा डॉक्टरकडे गेला असता तर त्यांनी ही दुसरी गोळीही लिहिली असती."

घरातल्यांचेही नमुने तपासून घ्या, असं सांगितलं होतं. तिथे नवंच रामायण. बायकोच्या रिपोर्टमध्ये चक्क पुटी! तिला ना ताप, ना पोटदुखी. तिने तो कागद माझ्यासमोर धरला तो चेहरा मी विसरणार नाही. प्रयोगशाळेत विचारायला गेलो तर तिथले तंत्रज्ञ भले निघाले. "बघायचंय?" म्हणाले. आयोडिन घातलेल्या काचपट्टीवर सोनेरी-तपकिरी गोल मणी दिसत होते. "फोकस हळूहळू फिरवा. केंद्रकं मोजा." फिरवलं. एक कडं, आत ठिपका. मग दुसरं वर आलं, तिसरं, आणि पहिलं पुसट होता होता चौथं. चार. एवढ्याशा मण्यात चार केंद्रकं, पोटात गेल्यावर फुटून वाढायला तयार. मला तर ती सुंदर वाटली, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

"म्हणजे हिलाही तोच?"

"ते यात कळत नाही," ते म्हणाले. "एन्टामीबा डिस्पार म्हणून एक आहे, त्याची पुटी हुबेहूब अशीच. तो कुणाचं काही वाकडं करत नाही." एमिल ब्रुम्प्ट नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२५ सालीच सांगितलं होतं की या दोन वेगळ्या जाती असाव्यात. त्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९९३ मध्ये तो वेगळेपणा रीतसर मान्य झाला. इतकी वर्षं निरुपद्रवी पाहुण्यालाही लोक औषधं देत होते. ओळखायचं तर ताज्या नमुन्यावर अँटिजेन तपासणी. केली. बायकोचा निघाला डिस्पार. औषध नको, काही नको.

म्हणजे घरातला हिशेब असा झाला: जिच्या शौचात पुटी दिसल्या तिला एकही गोळी नाही, आणि ज्याचा रिपोर्ट तीनदा स्वच्छ आला त्याला तीस. ती महिनाभर हे फोनवर सगळ्यांना सांगत होती.

त्या तीस गोळ्यांचे दहा दिवस हाच माझ्या आजारपणाचा सगळ्यात कठीण भाग होता, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. सुई घालताना निदान भीती होती, ताप होता. आता भूक लागत होती, झोप येत होती, कामावर रुजू झालो होतो. डायलोक्सानाइडचा मुख्य दुष्परिणाम म्हणजे गॅस. मीटिंगमध्ये बसणं ही परीक्षाच. सहाव्या दिवशी दुपारची गोळी विसरलो आणि संध्याकाळी मनात आलं, आता काय राहिलंय? हात डब्याकडे गेलासुद्धा, उरलेल्या चौदा गोळ्या ठेवून द्यायला. डब्याचं झाकण उघडलं तर आत ती मेट्रोनिडॅझोलची जुनी, मोकळ्या खणांची पट्टी. रिकामी झालेली तेवढी एकच, तीही मी फेकली नव्हती.

गोळी घेतली. मग डबाच बायकोला देऊन टाकला. तिने त्यात बटणं ठेवली आहेत.

कोर्स संपल्यावर शौचतपासणी पुन्हा, पुन्हा स्वच्छ. सोनोग्राफी मात्र मी घाईने महिन्याभरात करवून घेतली आणि घाबरलो, कारण काळा गोल अजून होता, चार सेंटिमीटरचा. बाई वैतागल्या. "कुणी सांगितलं होतं? पोकळी भरायला कित्येक महिने लागतात. ताप नाही, दुखत नाही, वजन वाढतंय, मी तेवढंच बघते." अँटिबॉडीही पुढची काही वर्षं रक्तात दिसत राहणार, तेव्हा उगाच ती तपासणी करून पुन्हा धावत येऊ नका, हेही त्यांनी सांगून ठेवलं.

शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा नंबर मी घेतला होता. चौदाव्या दिवशी मी त्याला फोन केला. म्हणाला, "काका, एक उरलीय, रात्रीची." रात्री दहाला रिकाम्या पट्टीचा फोटो आला. खाली काही लिहिलं नव्हतं.

सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत दीड सेंटिमीटरची पुसट खूण होती. करणाऱ्या बाई नवीन होत्या. "इथे पूर्वी काही झालं होतं का?" त्यांनी विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "श्वास धरा," आणि फुल्या टाकू लागल्या.